जडाचं दार

५ डिसेंबर १९९६

सासऱ्यांच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण आज उरकलं. अख्खं गाव जेवून गेलं. माझे हात अजून चरबीने माखलेले आहेत आणि या पानाला डाग पडलाच आहे, तर पडू दे.

जाता जाता शेजारच्या शार्शेनने तोंड उघडलंच. "वहिनी, आता तो खांब पाडा. म्हाताऱ्यांचं वेड त्यांच्याबरोबर गेलं. माझ्या गोठ्याला तुळई हवीच आहे."

एने, म्हणजे माझ्या सासूबाई, चहाची वाटी खाली न ठेवताच म्हणाल्या, "गोठ्यात गाय तरी आहे का रे तुझ्या?"

सगळे हसले आणि विषय संपला. पण नंतर एने अंगणात जाऊन त्या खांबाशी बराच वेळ उभ्या होत्या. माझ्या सासऱ्यांनी तो तरुणपणी उभारला होता. पार वर फिरता अँटेना आहे, लांबलांब नळ्यांचा कंगवा असावा तसा. त्यावरून ते जपानशी बोलायचे, अर्जेंटिनाशी बोलायचे. घरात मात्र दिवसभरात दहा शब्द बोलले तर डोक्यावरून पाणी.

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. लग्न होऊन आल्यापासून ते एकदाही माझ्या तोंडातून गेलेलं नाही. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. नाव ज्या वस्तूचं असेल तो शब्दसुद्धा घेत नाही. माझं नशीब असं की घोड्याची नाल, कुऱ्हाडीचं पातं, चुलीची फुंकणी ज्याची करतात, तेच सासऱ्यांचं नाव. मी त्या धातूला 'जड' म्हणते. जुन्या वळणाच्या एने नवऱ्याचं नाव घेत नाहीत, त्याही तेच म्हणतात. दोघी मिळून अर्धं घर त्या शब्दावर चालवतो. जडाची कढई आण, जडाचा दरवाजा लाव.

मोर्स, म्हणजे लांब-आखूड ठोक्यांची भाषा, त्यांनीच मला शिकवली, चमच्याने वाटीवर टकटक करून. स्वयंपाकघरात शिरण्याआधी ते बाहेर खाकरायचे, सुनेच्या डोक्यावर रुमाल असेल-नसेल म्हणून. पुढे मोर्समध्येसुद्धा खाकरायला लागले. मला काही पाठवायच्या आधी घाईघाईचे चार-पाच ठिपके, अडखळल्यासारखे. त्याला काही अर्थ नाही. तो त्यांचा नि माझा विनोद होता. ते हयात असताना मला त्याचं एवढं हसू यायचं, आणि आज वाट्या विसळताना त्याच्याच आठवणीने रडले.

आमच्यात हौशी रेडिओवाला गेला की 'कळ मुकी झाली' म्हणतात. मोर्सचे ठोके द्यायची त्यांची कळ टेबलावर तशीच आहे. मी पुसून ठेवली.

९ डिसेंबर

माझ्या नवऱ्याची, मेदेरची काळजी आहे. तो डोंगराच्या पलीकडे हवामानाच्या ठाण्यावर आहे. जोडीदाराचं पोट दुखायला लागलं म्हणून त्याला महिन्याच्या सुरुवातीला खाली उतरवलं, त्यामुळे मेदेर एकटाच. सरकारी यंत्र बिघडलं आहे. जवळ वडिलांनी बनवून दिलेला जुना रेडिओ संच आणि एक बॅटरी आहे, बस.

बाप पुरायला नवरा आला होता. माती टाकली आणि तिसऱ्या दिवशी परत गेला. मी थांब म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

आज दुपारभर मोठा अँटेना फिरवत बसले. इटलीतला कुणीतरी हवेची चौकशी करत होता, तो खणखणीत. डोंगरापलीकडचा नवरा मात्र नाही. साऱ्या जगाशी बोलणारा खांब आणि शेजारच्या खोऱ्यात आवाज जात नाही, याला काय म्हणावं?

११ डिसेंबर

रेडिओवर रुडॉल्फ कार्लोविच सापडले. तळ्याकाठी बालिकचीला राहतात, सासऱ्यांचे जुने मित्र. त्यांचं सगळं गणगोत जर्मनीला गेलं, हे राहिले, कारण म्हणे तिकडे अँटेना लावायला घरमालकाला विचारावं लागतं. त्यांना मेदेर अधूनमधून ऐकू येतो. तो ठीक आहे हे ऐकून जीव भांड्यात पडला.

"पोरी, तू खांबाचा नाद सोड," ते म्हणाले. "उंच अँटेना लांब फेकतो. तुझा नवरा डोंगराच्या आड, जवळ बसलाय. तुला तार खाली झोपवायला हवी."

"खाली? जमिनीवर?"

"डोक्याच्या थोडी वर. आवाज सरळ आकाशात जाईल आणि शॉवरच्या पाण्यासारखा आजूबाजूला पडेल. डोंगर मध्ये येणारच नाही. म्हाताऱ्याला हे मी वीस वर्षं सांगतोय. त्याला मेलं जपानच हवं असायचं."

'म्हाताऱ्याला' म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. मग म्हणाले, "के."

के म्हणजे 'माझं झालं, आता तुझी पाळी'. मोर्समध्ये प्रत्येक बोलण्याच्या शेवटी लावतात, लांब-आखूड-लांब. हे बोलतानाही लावतात.

१४ डिसेंबर

तार झाली. हात फुटलेत, पण झाली.

तांब्याची तार जुन्या ट्रान्सफॉर्मरची, उकलता उकलता नाकी नऊ आले. मध्ये केबल जोडायची आणि दोन बाजूंना दोन सारखे हात. हात सारखेच हवेत. एक लांब आणि एक आखूड झाला की सगळं बिघडतं. आधी लांब ठेवून हळूहळू छाटत आणायचं.

पण एवढी लांब तार ताणायची कुठे? समोर विजेच्या तारा आहेत. मोकळी जागा फक्त घरामागे, शार्शेनच्या गोठ्यापासून ओढ्यापलीकडच्या कबरस्तानापर्यंत. एक टोक गोठ्याला बांधलं. दुसऱ्या टोकाला झाड नाही, आणि गोठलेल्या जमिनीत पहार शिरत नाही. तिथे उभं असं एकच आहे, सासऱ्यांच्या कबरीवरचा जडाचा सांगाडा. उरलेल्या नळ्या जोडून त्यांनी तो जिवंतपणीच करून ठेवला होता, युर्तच्या, म्हणजे आमच्या तंबूच्या, काठ्यांसारखा गोल. तेव्हा शार्शेन म्हणाला होता, "काका, एवढा रुंद कशाला? आत नाचणार आहात का?" खरंच रुंद झालाय. मापात कधी न चुकणारा माणूस तिथे कसा चुकला कोण जाणे.

एनेंना विचारलं. घाबरतच विचारलं.

"बांध की," त्या म्हणाल्या. "त्यांना कुठे राग येतोय. जन्मभर तारांतच होते."

तार नि सांगाडा यांच्यामध्ये बाटलीची मान घातली. काचेतून वीज जात नाही, तेव्हा सांगाड्याचा तारेशी काही संबंध नाही. हे मी स्वतःलाच का समजावते आहे?

१५ डिसेंबर

मेदेर आला! म्हणजे त्याचा आवाज. इतका जवळ की मी मागे वळून पाहिलं.

"अनिपा? तूच का? कुठला अँटेना लावलास?"

"कपडे वाळत घालायची दोरी," मी म्हटलं.

"बाबांना आवडली नसती."

"त्यांच्याच कबरीला बांधलीय," म्हणून सांगितलं. तो हसला. मग म्हणाला, जेवण आहे, कोळसा आहे, फक्त बोलायला कुणी नाही. मग मीच बोलले. सगळं सांगितलं, कोण जेवायला आलं, कोण आलं नाही, कुणी मांस बांधून नेलं. रोज दुपारच्या चहानंतर भेटायचं ठरलं.

१९ डिसेंबर

आज मीटरचा काटा वेडावाकडा नाचायला लागला. मेदेरचा आवाज विहिरीतून. मी मीटर बदलला, केबल बदलली, स्वतःला चार शिव्या घातल्या. बाहेर जाऊन बघते तर एनेंनी तारेवर गोधड्या वाळत घातलेल्या.

"तूच म्हणालीस ना, कपडे वाळत घालायची दोरी?"

गोधड्या काढल्या. तारेच्या टोकापर्यंत चालत गेले. बाटलीची मान तडकून गळून पडली होती, बर्फात तुकडेही सापडले. तार सरळ सांगाड्यालाच टेकली होती. उद्या दुसरी बाटली फोडून लावते.

परत येऊन सहज काटा पाहिला. तो साफ शून्यावर, म्हणजे तार अगदी मापात. एवढा नेमका मेळ मी कितीही छाटाछाट करून बसला नव्हता. तर मग राहू दे तसंच. चालत्या गाड्याला खीळ कशाला.

२३ डिसेंबर

मेदेर गेल्यावर संच बंद करणार, एवढ्यात मोर्स. अगदी जवळून आणि फार हळू. कुणीतरी सासऱ्यांची खूणअक्षरं, म्हणजे रेडिओवाल्याची हवेतली ओळख, पाठवत होतं, त्यांचीच, शेवटपर्यंत. पुढे काहीच नाही. मग पुन्हा तीच.

मेलेल्या माणसाची अक्षरं वापरायची म्हणजे चोरीच. मला असा संताप आला! कळ घेऊन विचारलं, तू कोण. उत्तर नाही.

प्रत्येकाच्या हाताची एक चाल असते. आवाजावरून माणूस ओळखावा तशी ती ओळखू येते. सासऱ्यांचं बोट पूर्वी यंत्रात सापडलं होतं, त्यामुळे शेवटची लांब खूण जरा जास्तच लांबायची. हा मेलाही तसंच लांबवतो. त्यांनी शिकवलेला कुणी जुना पोरगा असणार, नक्कल करतोय. रुडॉल्फ कार्लोविचना विचारलं तर ते म्हणाले, "मला काहीच ऐकू आलं नाही, पोरी. तिथे तुझ्याशिवाय कुणी नव्हतं."

२८ डिसेंबर

तो चोर रोज येतो. मेदेरला ऐकू येत नाही. मी एनेंना काही सांगितलेलं नाही.

आज मात्र मी कानावर हेडफोन लावून बसले होते, आवाज बाहेर जायचा प्रश्नच नव्हता, आणि एने पलीकडच्या खोलीत लोकर विंचरताना थांबल्या. म्हणाल्या, "आले वाटतं."

"कोण?"

"कोण म्हणजे? शार्शेनचा कुत्रा." आणि पुन्हा विंचरायला लागल्या.

३ जानेवारी १९९७

ठाण्याची चूल तडकली. धूर आत येतो. बर्फाच्या वजनाने अर्धं छप्परही बसलंय. मेदेर म्हणतो, आता इथे राहण्यात अर्थ नाही, सोमवारी सकाळी निघतो.

वाटा दोनच. एक जडाच्या दाराची. नकाशात त्या घळीला जे नाव आहे त्यात सासऱ्यांचं नाव येतं, म्हणून आम्ही दोघी असं म्हणतो. नदी गोठली की तिच्यावरून सरळ चालत यायचं, एका दिवसात घरी. दुसरी ओर-बेलची. आमच्या भाषेत ओर म्हणजे जड, आणि ती खिंड आहेच तशी, चढ संपता संपत नाही, वाटेत मेंढपाळांच्या झोपड्यांत दोन मुक्काम करावे लागतात. हिवाळ्यात शहाणा माणूस घळीतूनच येतो.

मेदेरही तेच म्हणाला. मी म्हटलं बरं. त्या रात्री तुझ्यासाठी कणकेचे बोरसोक तळते.

५ जानेवारी

क्रमाने लिहिते.

दुपारी मेदेरशी बोलणं झालं. त्याची बॅटरी संपत आलीय, आवाज दोऱ्याएवढा. उद्या सकाळी निघण्याआधी एकदाच संच लावेन म्हणाला. तो गेला. मग तो दुसरा आला.

आज आपली अक्षरं पाठवली नाहीत. घळीचं नाव पाठवलं, नकाशातलं, पूर्ण. मग 'पाणी'. मग पुन्हा घळीचं नाव, पुन्हा 'पाणी'. थांबेचना. मी चिडून कळ हातात घेतली नि ठोकलं, कोण रे तू, दुसऱ्याच्या दुःखाशी खेळतोस, लाज वाटत नाही?

मग चार-पाच ठिपके, घाईघाईचे, अडखळल्यासारखे.

तो खाकरला.

मी डोक्यावर हात नेला. रुमाल मानेवर घसरला होता. मी तो सारखा केला, काही विचार करायच्या आधीच केला, जशी नेहमी करायची. मगच माझी पाचावर धारण बसली.

खाकरण्याचं आम्हा दोघांखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं. मेदेरलासुद्धा नाही. मग एकच शब्द आला, 'केलीन'. सूनबाई. आणि पुन्हा 'पाणी'.

घळीत बर्फाखाली पाणी आहे. बर्फ पोकळ आहे. मेदेर उद्या त्यावरून चालणार आहे.

मला वेड लागलं असेल तर लागू दे. उद्या त्याला थांबवायचं.

६ जानेवारी

सकाळी वीज नव्हती. ट्रॅक्टरची बॅटरी जोडली, तीही थंडीने अर्धमेली. मेदेर माझ्या नावाने हाका मारत होता, मी ओ देत होते, त्याला ऐकू जात नव्हतं. रुडॉल्फ कार्लोविच मध्ये पडले. त्यांना मी पुसट ऐकू येत होते आणि मेदेरला ते.

"सांग पोरी, काय कळवू? लवकर, त्याची बॅटरी बसतेय."

एने माझ्या पाठीशी उभ्या होत्या. मी ओरडले, "जडाच्या दारातून येऊ नको म्हणावं! दुसऱ्या वाटेने ये!"

"जडाच्या काय? नीट ऐकू येत नाही. जड...?"

"जडाचं! जडाचं!"

"ओर? ओर-बेल? कळलं." आणि ते मेदेरला खणखणीत आवाजात सांगताना मी ऐकलं, "घरचा निरोप आहे. ओर-बेलने येऊ नकोस. दुसऱ्या वाटेने ये. के."

"समजलं," मेदेर म्हणाला. "घळीनेच येतो." आणि खट्, बंद.

मी तोंडात मारल्यासारखी बसले. तो आमच्या घरातला शब्द होता. मेदेरने माझ्या तोंडून ऐकला असता तर लगेच ओळखला असता, आईचं नि बायकोचं बोलणं त्याला पाठ आहे. रुडॉल्फ कार्लोविचना कोण शिकवणार? त्यांनी नकाशा उघडला आणि त्यातलं 'जड' काढलं. मी माझ्याच नवऱ्याला माझ्याच मर्यादेपायी घळीत लोटलं होतं.

एने म्हणाल्या, "नाव घे."

"एने..."

"घे म्हणते ना! मेलेल्याची लाज आणि जिवंताचा जीव, एवढं कळत नाही तुला?"

मी घेतलं. मायक्रोफोनमध्ये, मोठ्याने, घळीचं पूर्ण नाव, आणि घाईत त्याचा पहिलाच भाग पुन्हा, आणि पुन्हा. तीनदा नुसतं त्यांचंच नाव. बाहेरची तार त्यांच्याच सांगाड्याला टेकलेली.

रुडॉल्फ कार्लोविचना आता कळलं. ते मेदेरला हाका मारत राहिले. तो संच बंद करून निघाला होता. "पोरी, तो नाही तिथे," ते म्हणाले, आणि हा माणूस रडत होता.

मग माझ्या मीटरचा काटा आपोआप उजव्या टोकाला जाऊन चिकटला. मोर्स सुरू झालं. एवढं मोठं की कानाला सहन होईना, मी हेडफोन टेबलावर फेकला तरी खोलीभर ऐकू येत होतं. त्यात खाकरणं नव्हतं. ते मला नव्हतंच. मेदेरची अक्षरं, मग 'ओर-बेल'. मेदेरची अक्षरं, 'ओर-बेल'. चुलीची फुंकणी चुलीवर थरथरत होती. मग सगळं एकदम थांबलं.

रुडॉल्फ कार्लोविच म्हणाले, "पोरी, आहेस ना? तू एकदम गप्प झालीस."

त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

७ जानेवारी

आला नाही. घळीने निघाला असता तर कालच यायला हवा होता.

मी कुणाशी बोलत नाही. एने निवांत आहेत. त्याच्यासाठी लोकरीचे मोजे विणतायत.

८ जानेवारी

आला. अंधार पडायच्या आत, ओर-बेलच्या बाजूने, भुवयांवर बर्फ. मी उंबऱ्यातच त्याला मारायला लागले. दोन्ही मुठींनी मारलं. तो हसत होता आणि त्याला उभं राहवत नव्हतं.

तिसऱ्या वाटी चहानंतर त्याला कंठ फुटला. "केवढी पॉवर लावलीस गं तू? मी संच पोत्यात भरला होता. तार कोपरावर गुंडाळत होतो, तर ती हातातच ठोके द्यायला लागली. कशाला जोडलेली नाही, काही नाही! मला वाटलं थंडीने बोटं गेली. मग वाचलं, ओर-बेल, ओर-बेल."

"आणि बाबांसारखं शेवटी लांबवायला कधी शिकलीस? क्षणभर मला वाटलं..." त्याने वाटी पुढे केली.

बॅटरी अर्धमेली होती आणि माझा हात कळेवर नव्हताच, हे मी त्याला सांगितलं नाही. मी बोरसोक आणायला उठले.

९ जानेवारी

शार्शेन घोड्यावरून घळीपर्यंत जाऊन आला. तोंड पांढरंफटक. म्हणाला, मधोमध बर्फ खचलाय, खाली काळं पाणी धावतंय, त्याचा घोडा तिथे जाईचना. म्हणाला, "वहिनी, तुम्हाला कसं कळलं?"

"रेडिओवर सांगितलं," मी म्हटलं. खोटं काय आहे त्यात?

खांब पाडायची गोष्ट तो पुन्हा काढणार नाही असं वाटतं.

१२ जानेवारी

तार सोडवायला गेले होते. आता गरज काय? कबरीशी उभी राहिले आणि हात पुढे जाईना. सांगाड्याभोवती बर्फ वितळून गोल झालाय, आत ओली माती दिसते. नळ्या ऊन धरत असतील.

मी म्हटलं, उपकार झाले. मोठ्याने म्हटलं. मग डोक्यावरचा रुमाल चाचपला आणि तार तशीच सोडून आले.

पण ते त्यानंतर आलेले नाहीत. रोज दुपारी ऐकते. नुसती खरखर.

१८ जानेवारी

एने आज चहाची वाटी घेऊन रेडिओच्या खोलीत आल्या. इतक्या वर्षांत कधी आल्या नव्हत्या, त्यांना तारांची भीती वाटते. केस धुतलेले, डोक्यावर पेटीतला बायकांचा पांढरा मोठा फेटा बांधलेला, लग्नातल्यासारखा. सकाळीच पेटीच्या किल्ल्या त्यांनी माझ्या हातात दिल्या होत्या. "मला आता कुलूप फिरवत नाही" म्हणाल्या. हल्ली त्या फार मोकळ्या झाल्या आहेत. मुलगा सुखरूप आला की आईला असंच होणार.

"ते येत नाहीत ना आता?" त्यांनी विचारलं.

म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं.

"आधी मुलासाठी आपणहून आले, मग तू हाक मारलीस म्हणून आले. आता उगाच कसे येतील? नाव घ्यावं लागतं." मग जरा वेळाने, "मला घेता येत नाही गं. तोंडच उघडत नाही. पन्नास वर्षांची सवय. तुझ्या या ठोक्यांत त्यांचं नाव कसं असतं?"

मी सांगितलं, पूर्ण नाव लांब आहे, पण पहिलं अक्षर सगळ्यात सोपं. एकच लांब खूण. दाबायचं आणि जरा धरून ठेवायचं.

"हाताने घेतलेलं चालेल ना?"

"कुणी बघायला आलंय?" मी म्हटलं. त्या पोरीसारख्या खुदकन हसल्या.

मी संच लावला. त्यांचं बोट कळेवर ठेवलं, त्या खोलीतल्या सगळ्यात जुन्या कळेवर. त्यांनी डोळे मिटले आणि दाबलं. खूप वेळ धरून ठेवलं. कितीतरी लांब. कुठल्याही अक्षराला एवढं लांब धरत नाहीत, पण मी हात काढून घेतला नाही.

पन्नास वर्षांत पहिल्यांदा माझ्या सासूने आपल्या नवऱ्याला नावाने हाक मारली. मीही ते आता लिहूनच टाकते. तेमिर. म्हणजे लोखंड.

उत्तर लगेच आलं. हळू आणि अगदी शेजारून. खाकरणं नव्हतं, बायकोपुढे कशाला खाकरतील? एकच अक्षर, लांब, आखूड, आणि शेवटची लांब खूण त्यांच्या सवयीने जास्तच लांबलेली.

"काय म्हणाले?" एनेंनी विचारलं. गाल लाल झाले होते.

"के म्हणाले. रेडिओवाले नेहमी म्हणतात, एने. म्हणजे आता तुमची पाळी."

एनेंनी फेटा सारखा केला. खिडकीतून ओढ्यापलीकडे बघितलं, तिथे त्या रुंद सांगाड्याभोवतीची ओली माती आता आणखी पसरली होती.

"सांग त्यांना," त्या म्हणाल्या, "आलेच म्हणावं. एवढा चहा संपवते."

मी तसं कळवलं.